कावळ्यांच्या ओळखीचा माणूस

ढवळेअण्णा वारले तेव्हा मिरजेत त्यांना न ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. माणसांत तर नव्हतंच, कावळ्यांतही नव्हतं. माणसांतली ओळख अण्णांनी स्वतः कमावली होती. स्वतःच्या वाढदिवसाचे फलक, गणपतीचे फलक, आणि दुसऱ्यांच्या फलकांवर खालच्या कोपऱ्यात हात जोडून. कावळ्यांतली ओळख मात्र त्यांच्या भाच्याने करून दिली होती, आणि ते अण्णांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

भाच्याचं नाव तन्मय. तो पक्षीवर्तन केंद्रात कावळ्यांवर पीएच.डी. करत होता. लहानपणी त्याला सायकल शिकवताना अण्णा 'डॉक्टर' म्हणायचे, ते नाव तसंच राहिलं. विषय कळल्यावर त्यात थोडी भर पडली. "काय डॉक्टर, पेशंट काय म्हणतायत?"

पेशंट बरंच काही म्हणत होते. कावळा माणसाचा चेहरा विसरत नाही, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. एकदा त्याला जाळ्यात धरलं की तो वर्षानुवर्षं त्या चेहऱ्यावर ओरडतो. पिल्लांना शिकवतो, शेजाऱ्यांना सांगतो. मग ज्यांना आपण कधी बोटही लावलेलं नाही असे कावळेसुद्धा आपल्या डोक्यावर घिरट्या घालतात. म्हणून कावळे पकडणारे अभ्यासक मुखवटा घालतात. राग मुखवट्याला लागतो आणि अभ्यासक घरी जाऊन सुखाने आमटीभात खातो.

केंद्राने त्यापुढची मजल मारली होती. गावभर झाडांवर ध्वनिमुद्रक बसवून, कुठला कावळा कुणाला बघून काय ओरडला, हे सगळं एका यंत्राला शिकवलं. यंत्राने त्यातून काढलं ते असं, की ओळखीच्या प्रत्येक माणसासाठी कावळ्यांचा एक ठरलेला आवाज असतो. नावच म्हणा ना. यंत्राला 'काकश्रुती' म्हणत. कानात घालायचं एक काळं बटण. कावळा ओरडला की ते दोनतीन शब्दांत अंदाज सांगायचं, स्टेशनवरची बाई उशिराची गाडी सांगते त्या निर्विकार सुरात. "मांजर. भिंतीवर." "पोळी. शिळी."

मुखवट्याबाबत केंद्राचा नियम कडक होता. तो चेहरा जगात कुणाचाच असता कामा नये. संगणकाने शंभर चेहरे घुसळून एक नवा काढायचा, मग तो छापायचा. तन्मयच्या पाळीला संगणक घुसळत बसला आणि जाळी तर उद्या सकाळी लागायची होती. छपाईयंत्र रिकामं होतं. आणि तन्मयच्या फोनमध्ये एक चेहरा तयार होता, नाकाच्या कडेच्या तिळासकट.

तो चेहरा अण्णांचा. अण्णांना हयातीतच स्वतःचा अर्धपुतळा हवा होता. "मेल्यावर बसवला तर नाक कोण तपासणार?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी सगळ्या बाजूंनी चेहऱ्याचं मोजमाप करवून घेतलं आणि ते भाच्याकडे ठेवायला दिलं. "डॉक्टर, जपून ठेव. माझ्या फोनवर भरवसा नाही." पुढे पुतळा समितीत अध्यक्ष कोण यावरून भांडण झालं आणि पुतळा राहिला.

तन्मयने तो छापला. सोय म्हणून छापला, आणि थोडा मजेखातरही. पुढच्या आठवडाभर ढवळेअण्णांचा चेहरा घालून त्याने गावातले कावळे जाळ्यात धरले, त्यांच्या पायांत कड्या घातल्या आणि त्यांना सोडून दिलं. केंद्रातली पोरं हसून हसून लोळली. तोही हसला.

आधी अण्णांच्या फलकांवर शिटा पडायला लागल्या. शेजारच्या पुढाऱ्याचे फलक स्वच्छ आणि अण्णांच्याच तोंडावर पांढरा सडा. अण्णांना विरोधकांचा संशय आला. "पपई चारतायत रे कावळ्यांना, माझ्या फलकाखाली उभं राहून!" मग कावळे प्रत्यक्ष अण्णांच्या मागे लागले. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या, त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. अण्णा आधी टोपी घालून निघाले, मग छत्री घेऊन, मग स्कूटरचं हेल्मेट घालून पायी. मग निघायचेच बंद झाले.

एके दिवशी त्यांनी भाच्याला गच्चीवर नेलं. समोरच्या तारेवर कावळे बसलेच होते.

"घाल ते तुझं बटण. ऐक, मला काय म्हणतात."

तन्मयने ऐकलं. "तोच. धरणारा. तोच," यंत्र म्हणालं.

"काय म्हणतात रे?"

"मामा, ते... ओळखतात तुम्हाला. त्यांच्यात नाव आहे तुमचं."

अण्णांचा चेहरा असा उजळला की तन्मयला तिथून पळून जावंसं वाटलं. "नाव? माझं? एकट्याचं?"

"असं फार थोड्या माणसांचं असतं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. अण्णांनी ते गावभर सांगितलं. महापालिकेत सांगितलं, दाढी करताना सांगितलं. तन्मयने ठरवलं, प्रबंध एकदा सादर झाला की मामांना सगळं खरं सांगायचं आणि पाया पडायचं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण चालू असताना अण्णा जेवणानंतर आरामखुर्चीत बसले ते उठले नाहीत. हृदय.

चालणं सुटलं म्हणून का, हे कुणी विचारलं नाही. तन्मयने स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सतरंज्या उचलायला गेला.

*

दहाव्याला सगळे कृष्णाघाटावर जमले. अण्णांच्या मित्रमंडळाने आदल्या दिवशीच घाटावर श्रद्धांजलीचा फलक उभा केला होता. तो दोन मजली होता. त्यावर एकटे अण्णा, हात जोडलेले, कपाळ वरच्या वडाच्या फांद्यांत. गुरुजींना सावली बरी पडते म्हणून पिंड त्याच्या कडेलाच, सावलीत मांडला होता.

अण्णांच्या मुलाने, सुजयने, नमस्कार केला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. पलीकडच्या पिंपळावर कावळे होते, पुष्कळ होते, आणि एकही खाली येत नव्हता. सगळे मिळून जे ओरडत होते त्याने गुरुजींचे मंत्रही ऐकू येईनात.

तन्मयने कानात बटण सरकवलं.

"तोच," यंत्र म्हणालं. "तोच. मोठा झालाय."

त्याने मान वर करून फलकाकडे बघितलं.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "जवळच्यांनी मनातलं बोलावं."

सुजय पुढे झाला. "अण्णा, मी पुणं सोडून मिरजेत येऊन राहीन." त्याच्या बायकोने मान इतक्या झटक्यात वळवली की दोनतीन कावळे दचकून उडाले, पण वरच्या फांदीवर गेले.

मग अण्णांचे थोरले भाऊ विनायकतात्या काठी टेकत आले. "अरविंदा, तुझा पुतळा बसवू. अर्धा नाही, अख्खा बसवू!" सगळ्यांना वाटलं, हेच होतं. लोकांनी पिंपळाकडे बघितलं. कावळे फलकाकडे बघत होते.

ऊन चढलं. तात्यांनी पुतळा घोड्यावर बसवला, तरी काही होईना. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला. कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा करून लावतात. ते बघून शैलामामींचा चेहरा पडला. दर्भाचा कावळा म्हणजे ज्याच्याशी शेवटपर्यंत कुणाचं पटलं नाही अशा माणसासाठी, असं त्या समजत.

तन्मयला आता सगळ्यांसमोर तोंड उघडता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी तो लघवीला जातो असं आईला सांगून फलकाच्या मागे गेला.

मागे बांबू होते, दोऱ्या होत्या, आणि उलटे अण्णा होते. तो गाठी सोडत असताना पुढून कुणाचा तरी बारीक आवाज येत होता, पण कावळ्यांच्या गलक्यात शब्द कळले नाहीत. शेवटची गाठ सुटली. दोन मजली अण्णा कमरेत वाकले आणि पिंडाला चुकवून हळूच तोंडावर पडून घाटाच्या पायऱ्यांवर पसरले.

कावळे गप्प झाले. यंत्र म्हणालं, "गेला." आणि लगेच, "भात."

तो धावत पुढे आला तेव्हा पिंडावर सहा कावळे होते आणि लोक रडत होते. तात्या सगळ्यांना सांगत होते, "बघितलंत? अरविंद स्वतः वाकला! वाकून हो म्हणाला!"

"कशाला हो म्हणाला?" तन्मयने आईला विचारलं.

आईने डोळ्यांना पदर लावला. "मामीने गाणं सोडलं रे. मोठ्याने सांगितलं, 'तुम्हाला आवडत नव्हतं, आजपासून बंद.' आणि तेवढ्यात बघ."

*

शैलामामी पन्नाशीनंतर गाणं शिकायला लागल्या होत्या. मिरजेत गाणं शिकणं म्हणजे समुद्रावर जाऊन पोहायला शिकण्यासारखं, अवतीभवती सगळे मासेच. पण त्या नेटाने शिकल्या. पहाटे तंबोरा घेऊन बसायच्या, रियाज झाला की गच्चीवर पोळीचे तुकडे टाकायच्या. अण्णा उशीत डोकं खुपसून म्हणायचे, "कावळे काय कमी आहेत माझ्या मागे, म्हणून घरातही एक?" तरीही त्या गात राहिल्या. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा लोकांपुढे गाणार होत्या, गुरूंच्या घरच्या बैठकीत, एक राग आणि एक भजन.

घाटावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तन्मयला बोलावलं. तंबोऱ्याला गवसणी घातलेली होती.

"हा तेवढा सतारमेकर गल्लीत देऊन ये. सुजयला सांगितलं असतं, पण तो रडतो."

"मामी, ठेवा की घरात."

"घरात असला की हात जातो." त्यांनी गवसणीची नाडी पुन्हा आवळली. "खरं सांगू का डॉक्टर, त्यांना माझं गाणं आवडत नव्हतं ते मला माहीतच होतं. त्याचं काही नाही. नवऱ्यांना आवडत नाहीच. पण मेल्यावरसुद्धा आवडलं नाही, ते जरा लागलं."

तन्मय तंबोरा घेऊन खाली उतरला. विनाचालक रिक्षा आली. रिक्षाने तंबोऱ्याला दुसरा प्रवासी धरलं आणि पट्टा बांधायची विनंती केली. त्याने बांधला. गल्ली आली, दुकान आलं, "आपलं ठिकाण आलं आहे" असं रिक्षा तीन वेळा म्हणाली. तन्मय उतरला नाही. शेजारी तंबोरा पट्टा लावून ताठ बसला होता, घरच्या एखाद्या मोठ्या माणसासारखा, काही न बोलता.

"परत चल," तो म्हणाला.

मामींना त्याने दारातच सांगितलं, तंबोरा कडेवर असताना. मुखवटा, जाळी, गच्चीवरचं खोटं, फलकाच्या दोऱ्या. सगळं सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ऐकणाऱ्याला हसू यावं म्हणून मनात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं त्याने गाळली होती.

मामींनी तंबोरा त्याच्याकडून काढून घेतला आणि भिंतीला टेकवला.

"म्हणजे त्यांचं चालणं बंद झालं ते..."

"हो."

"कावळ्यांनी नाव ठेवलंय म्हणून किती खूश होते रे. झोपेत हसायचे."

तन्मयला जमीन दुभंगून हवी होती. मिरजेची जमीन काळी आहे, उन्हाळ्यात दुभंगते; पण तो हिवाळा होता.

"चालायला तसे जायचे कुठे," मामी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "कोपऱ्यावर जाऊन भजी खायचे. तेल वासाला यायचं शर्टाला." मग त्याच्याकडे बघून, "हे मी तुझ्यासाठी नाही म्हणत. तू त्यात शिरू नकोस."

"नाही."

"मुखवटा कुठाय?"

दहाव्यापासून तो बरोबरच घेऊन फिरत होता; त्याने पाठीवरच्या पिशवीतून काढून दिला. मामींनी तो दोन्ही हातांत धरला. पदराने नाकावरची धूळ पुसली, तिळावर बोट ठेवलं.

"नाक चांगलं आलंय," त्या म्हणाल्या. "त्यांना नाकाचीच काळजी होती."

तन्मयने घाईघाईने फोन काढला. "मामी, अजून एक. केंद्रात नोंद आहे. तुम्ही रियाजाला बसलात की तुमच्या गच्चीवर कावळे जमतात. तुमच्या गाण्यासाठीसुद्धा त्यांचा वेगळा आवाज आहे. त्यांना तुमचं गाणं—"

"पोळी मिळते म्हणून जमतात," मामी म्हणाल्या. "मला कावळ्यांचं प्रशस्तिपत्र नको, डॉक्टर. परवा तेरावा आहे. सगळे येतील. शब्द मी सगळ्यांसमोर दिलाय, तू पण सगळ्यांसमोर सांग. मला एकटीला दारात सांगून तू मोकळा होशील, मी नाही होणार."

*

तेराव्याला पंगत उठल्यावर तन्मय उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याचे कान इतके तापले होते की कानातलं बटण भाजत होतं. शेवटी तो म्हणाला, "म्हणून कावळा लवकर शिवला नाही त्यात मामांची काही इच्छा नव्हती. चूक माझी होती."

 मग विनायकतात्यांनी डोळे पुसले.

"गुणाचं पोरगं आहे," ते म्हणाले.

"तात्या, मी खरं सांगतोय."

"कळलं रे बाळा. मामीला शब्दातून सोडवायचं म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतोयस. आजकाल कोण करतं एवढं?"

"अहो, मी मामांचा चेहरा घालून कावळे धरले!"

"बघा, बघा," तात्या आईकडे वळून म्हणाले. "प्रमिले, संस्कार म्हणतात ते हे."

आईने अभिमानाने नाक ओढलं. सुजयने येऊन त्याला मिठी मारली. तन्मयला आयुष्यात इतकं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं. एक चुलत मावशी तर मुलीसाठी त्याची पत्रिका विचारू लागली. प्रबंधाच्या परीक्षकांनीही त्याच्यावर इतक्या चटकन विश्वास ठेवला नसता, जितक्या चटकन या लोकांनी अविश्वास ठेवला.

त्याने मामींकडे बघितलं. त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मुखवटा पुढे केला.

"गच्चीवर चला सगळे," तन्मय म्हणाला. "दाखवतो."

गच्चीवर उन्हात कावळ्यांसाठी पान वाढून ठेवलं होतं आणि चारपाच कावळे निवांत भजी खात होते. मंडळी जिन्याच्या तोंडाशी दाटीने उभी राहिली. तन्मय पाण्याच्या टाकीमागे गेला, मुखवटा चढवला आणि बाहेर आला.

कावळे भजी टाकून उडाले. मग एकाने हाक दिली आणि बघता बघता आजूबाजूच्या तारा, झाडं, टाक्या काळ्या झाल्या. सगळं आकाश ओरडत होतं. एकाने येऊन त्याच्या टाळूवर चोच हाणली. "तोच," यंत्र म्हणालं. "परत आलाय."

हे निर्णायक होतं. याहून स्वच्छ प्रयोग तन्मयने आयुष्यात केला नव्हता. तो अभिमानाने नाही, पण निदान सुटकेने मंडळींकडे वळला.

विनायकतात्या गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्यामागे आई, सुजय, सुजयची बायको, पत्रिकावाली मावशी. सगळ्यांचे हात जोडलेले. तन्मय कसा दिसतो ते तन्मयला दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं. तेराव्याच्या दुपारी, गच्चीवर, कावळ्यांच्या गराड्यात ढवळेअण्णा उभे होते.

"अरविंदा," तात्यांचा आवाज फुटला. "आलास? काय राहिलं रे तुझं? सांग, बोल."

खरं होतं ते सगळं सांगून झालं होतं, ते कुणी घेतलं नव्हतं. आता फक्त दोन शब्द पुरणार होते. 'गाऊ दे.' अण्णांच्या तोंडातून आले की पिढ्यान्‌पिढ्या टिकले असते. मामी मोकळ्या झाल्या असत्या, बैठकीत गायल्या असत्या, गावाने डोक्यावर घेतलं असतं. ज्या चेहऱ्याने त्यांचं गाणं घालवलं त्याच चेहऱ्याने ते परत मिळालं असतं. तन्मयने मुखवट्याच्या आत तोंड उघडलं. अण्णांचा घोगरा आवाज त्याला छान काढता येत असे. केंद्रात त्यावर टाळ्या पडायच्या.

"थांब," मामी म्हणाल्या.

त्या माणसांतून वाट काढत पुढे आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांतून त्यांनी आत बघितलं, आतल्या डोळ्यांत.

"तू बोलू नकोस. त्यांच्या तोंडाने तर नकोच. ते आवडत नाही म्हणायचे, ते त्यांचं खरं होतं. मरून मत बदलायला लावू नकोस त्यांना."

"मग काय गं करायचं शैला?" तात्या हात जोडूनच म्हणाले. "शब्द दिलायस तू."

"दिलाय, भाऊजी. आणि मोडतेय. कावळ्याने सांगितलं म्हणून नाही, याने सांगितलं म्हणून नाही. मला गायचंय म्हणून मोडतेय. ते रागावतील. जिवंतपणीही रागवायचे."

आणि तिथेच, टाकीला हात टेकवून, तंबोऱ्याशिवाय त्यांनी षड्ज लावला. तो जरा खाली लागला. त्यांनी खाकरून पुन्हा लावला. कावळ्यांनी काही आदर दाखवला नाही. उलट जास्तच ओरडले, कारण धरणारा अजून उभा होता. त्या गलक्याच्या वर, मध्ये, कधी खाली, शैलामामी भजन म्हणत राहिल्या. तात्यांना उठावं की बसावं ते कळेना. सुजय रडत होता. पत्रिकावाली मावशी जिन्याने खाली गेली.

तन्मयच्या टाळूवर आणखी एक चोच बसली. मुखवटा काढला असता तर कावळे गप्प झाले असते, गाणं नीट ऐकू आलं असतं. मामींनी कडव्याच्या मध्येच हाताने खूण केली, काढ की आता.

त्याने मुखवट्याच्या पट्ट्याला हात घातला. काढला असता तर सगळ्यांना त्याचा स्वतःचा चेहरा दिसला असता. अजून थोडा वेळ त्याने अण्णांचाच ठेवला. मामी डोळे मिटून पुढचं कडवं म्हणू लागल्या, तेव्हा त्याने तो काढला.

कावळे एकदम थांबले. मग समोरच्या तारेवरून एकच ओरडला, त्याच्या उघड्या चेहऱ्याकडे बघून. हा आवाज यंत्राने याआधी कधी ऐकला नव्हता. ते क्षणभर अडखळलं.

"नवीन," ते म्हणालं. "हाही तोच."